सप्ताहात भोंग्यातून आकाशवाणी लागतेय, काय करू?

गिरणाकाठ

राम कृष्ण हरी मंडळी.

हसू नका, ही पहिली विनंती. गावात आधीच पुष्कळ हसून झालंय.

आमचं गाव गिरणेच्या काठी, जळगावपासून सरळ रेषेत धरलं तर नऊ-दहा किलोमीटर. मंदिराचा अखंड हरिनाम सप्ताह सुरू आहे, आज तिसरा दिवस. मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलं होतं, तेवढ्या भांडवलावर साऊंडचं काम दर वर्षी माझ्या गळ्यात पडतं. मशीन, म्हणजे अँप्लिफायर, मंदिराचंच, १२० वॅटचं, बरंच जुनं. वायरचे तीन माईक. एक भोंगा मंदिराच्या गच्चीवर पहिल्यापासून आहे. खालच्या आळीतली म्हातारी माणसं म्हणायची की पारायण आमच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून यंदा दुसरा भोंगा ग्रामपंचायतीपुढच्या लोखंडी खांबावर चढवला.

पहिल्या दिवशी काकडा आटोपत आला होता. काकडा बिनमाईकचाच असतो. सहाला पाचेक मिनिटं कमी असताना मी मशीन चालू करून ठेवलं, माईक अजून पिशवीतच होते. आणि भोंग्यातून बारीक आवाजात आकाशवाणीची ती सकाळची धून. मला वाटलं, कुणाच्या घरात रेडिओ लागला. मग वंदे मातरम् लागलं. मी मान वर करून बघतोय, तर आवाज गच्चीवरून येतोय.

सात वाजता पारायण बसलं. चाळीस वाचक एका सुरात ओव्या म्हणत असले की काही कळत नाही. पण अध्याय संपून पानं उलटायला जी शांतता होते, तेवढ्यात सात पाचच्या बातम्या. संध्याकाळी हरिपाठ झाला, सगळे हात जोडून उभे, पसायदान सुरू होणार, आणि भोंगा सांगतोय की केळीवरच्या करप्यासाठी बागेतली रोगट पानं आधी काढून टाका. सल्ला बरोबर होता, वेळ चुकीची होती.

रात्री कीर्तनात तर कहर. महाराजांनी अभंगाचं चरण घेतलं, मृदंगाचार्यांनी थाप अडवली, मंडपात टाचणी पडली तर ऐकू येईल, आणि वरून हवामानाचा अंदाज. महाराज मोठे समयसूचक. म्हणाले, ‘आम्ही खालून सांगतो, ते वरून सांगतात.’ मंडप हसला, मी मात्र मशीनमागे लपलो.

आतापर्यंत केलेले उपाय: तिन्ही माईक बदलून पाहिले, माईकच्या वायरी नव्या आणल्या, अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाचं पाणी ओतलं, मंडपातल्या लोकांना मोबाईल बंद ठेवायला लावले. फरक शून्य. गेल्या वर्षी हेच मशीन होतं आणि हे काही नव्हतं. आबा म्हणतात, आकाशवाणीला अर्ज करू. सप्ताहाचे चार दिवस बाकी आहेत. काही सुचवा.

तर्कट

पुराणात आकाशवाणी होते म्हणतात ती नक्की कशी, हे आज कळलं.

एक शंका. सहाच्या आत भोंगा चालू? रात्री दहा ते सकाळी सहा बंदी असते ना?

गिरणाकाठ

पाच मिनिटं आधी मशीन चालू केलं, वाजवलं नव्हतं. वाजलं ते आपणहून. रात्री दहाला भोंगे बंदच असतात, मंडपातले दोन बॉक्स तेवढे ठेवतो.

शेव_भाजी_जहाल

वाचतोय. काल्याच्या दिवशी भंडाऱ्याला काय आहे? वरणबट्टी असेल तर मी प्रत्यक्ष येऊन मशीन बघतो. मला मशीनमधलं काही कळत नाही, ही गोष्ट वेगळी.

पुण्यातला_चाळीसगावकर

हा मोबाईल टॉवरचा त्रास आहे. आमच्याकडे कॉम्प्युटरच्या स्पीकरजवळ फोन ठेवला की कॉल यायच्या आधी टिर्र-टिटिट्-टिर्र व्हायचं, तसलाच प्रकार. ऑनलाइन फेराइटचे क्लिप मिळतात, काळी प्लास्टिकची डबी, वायरीवर टचकन बसते. चारपाच मागवून प्रत्येक वायरीवर लावून टाका. दोन दिवसांत घरपोच.

मंडपवाला_भुसावळ

टॉवर वगैरे काही नाही, कॉर्डलेस माईकचा घोळ असणार. आमचा धंदाच आहे हा, म्हणून अनुभव सांगतो.

दाट तिथीचा दिवस, लागून लागून तीन लॉन, तिन्हीकडे एकाच वेळी लग्न. आमच्याकडे नवरदेव अजून पारावर, वरात नाचतेय, भटजींचा माईक बंद. आणि आमच्या बॉक्समधून खणखणीत आवाजात ‘शुभमंगल सावधान’! आमच्या पाहुण्यांनी अक्षता टाकल्या ना भो! स्टेजवर नवरीही नाही, नवराही नाही, नुसत्या खुर्च्यांवर अक्षता. नवरीचे मामा माझ्या अंगावर धावून आले. शेजारच्या साऊंडवाल्याकडे माझ्याच मेकचा, त्याच चॅनेलचा कॉर्डलेस निघाला. आमचा माईक चालू असला की आमचा आवाज, आमचा बंद झाला की त्यांचा. तेव्हापासून मी लग्नाच्या आधी शेजारच्या मंडपात चहा प्यायला जातो आणि कुठला चॅनेल लावलाय ते बघून येतो.

तुमच्याकडे कुणी कॉर्डलेस आणलाय का बघा.

गिरणाकाठ

अक्षतांचा किस्सा आबांना वाचून दाखवला, ते अजून हसताहेत. पण आमच्याकडे कॉर्डलेस नाहीच, सगळं वायरचं.

पांझराकाठची

माय वं, भोंगाबी बोलाले लागना!

भाऊ, आमच्याकडे बोलत नाही पण टकटक करतं. धुळ्याजवळ शेतातच घर आहे. रानडुकरं मक्यात शिरतात म्हणून बांधाभोवती झटका मशीनची तार ओढलीय. ह्यांचा जुना टेप आहे, त्यावर अहिराणी गाणी लावली की गाण्याच्या मागे सेकंदा-सेकंदाला टक्, टक्, टक्. आधी मला वाटलं घड्याळ. ह्यांना विचारलं, हाई काय शे? तर म्हणे टेप म्हातारा झाला. झटका बंद केला की टकटकही बंद, हे मी शोधून काढलंय, ह्यांनी नाही.

सोल्डरचा_धूर

धागा उशिरा पाहिला. भुसावळला चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्ती केली, आता दुकान मुलाकडे आहे, म्हणून जरा लांबड लावतो.

आधी पांझराकाठच्या ताईंचं. शोध अगदी बरोबर. झटका मशीन साधारण सेकंदाला एक ठोका देतं. तार धडधाकट असेल तर एवढा त्रास व्हायला नको. कुठे तरी ती गवताला, ओल्या फांदीला टेकलीय किंवा इन्सुलेटर फुटलाय, तिथे ठिणगी पडतेय. ठिणगी म्हणजे बिनतारी संदेशाचं सगळ्यात जुनं यंत्र. सुरुवातीच्या काळात जहाजं ठिणग्या पाडूनच संदेश पाठवायची. टेप उघडू नका. अंधार पडल्यावर यजमानांना बांधाने चालत पाठवा. निळसर ठिणगी दिसेल किंवा टकटक ऐकू येईल. तिथला पाला छाटा. तारेला हात मात्र मशीन बंद करूनच.

आता गिरणाकाठ भाऊ. तुमची पहिली पोस्ट मी दोनदा वाचली. उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय आणि मग माईक बदलत बसलात. धून वाजली तेव्हा ‘माईक अजून पिशवीतच होते’. मग माईकचा आणि त्याच्या वायरीचा संबंध काय? उद्या सकाळी चार गोष्टी करून बघा आणि इथे लिहा.

एक, जवळ खिशातला रेडिओ धरून मिडियम वेव्हवर ९६३ लावा. भोंग्यात आणि रेडिओत शब्दाला शब्द तोच आहे का? दोन, माईक काढून ठेवा आणि मशीनचे सगळे व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज कमी होतो का? तीन, मशीन बंद केल्यावर काय होतं? चार, ग्रामपंचायतीकडच्या नव्या भोंग्याची वायर मशीनमागून सोडवा आणि फक्त गच्चीवरचा भोंगा ठेवा. हे करताना आधी मशीन बंद. त्या लाईनवर १०० व्होल्ट असतात, झोंबतात.

आणि क्लिप मागवू नका, पैसे वाया जातील. का ते नंतर सांगतो.

तर्कट

काका, पण मुळात रेडिओ नसलेल्या वस्तूत रेडिओ वाजतोच कसा? ट्यूनिंग नाही, बँड नाही.

सोल्डरचा_धूर

ट्यूनिंग लागतं ते अनेकांतला एक निवडायला. एकच जण कानाशी ओरडत असेल तर निवडायचं काय?

जळगाव केंद्र मध्यम लहरींवर ९६३ किलोहर्ट्झला, २० किलोवॅटचं. जमीन आदर्श धरली तर ढोबळ हिशेबाने दहा किलोमीटरवर दर मीटरला शंभराच्या वर मिलिव्होल्ट मिळतात. खरी जमीन त्यातलं थोडं खाते, तरी पाच-सहा मीटर उभ्या तारेत अर्धा व्होल्ट सहज उभा राहतो. आणि महाराज गळा काढून गातात तेव्हा माईकमधून किती येतं? काही मिलिव्होल्ट. म्हणजे मशीनच्या दारात कीर्तनकारापेक्षा आकाशवाणी मोठी होऊन उभी आहे.

ती ऐकू का येत नाही एरवी? कारण ती सेकंदाला ९ लाख ६३ हजार वेळा वर-खाली होते, जेवढी वर तेवढीच खाली. तुमचा आमचा कान सोडा, भोंग्याचा पडदासुद्धा तेवढ्या वेगाने हलत नाही. निवेदकाचा आवाज असतो तो या लहरीच्या कमीजास्त उंचीत. आता वाटेत एकाच बाजूने जाऊ देणारं काही भेटलं, की खालचा अर्धा भाग छाटला जातो आणि उंचीतला चढउतार, म्हणजे आवाज, मोकळा होतो. डायोड हेच करतो. मशीनच्या आत शिरल्या शिरल्या जो पहिला ट्रान्झिस्टर असतो, त्याच्या पोटात तसाच एक सांधा असतो. तो काम आवाज वाढवायचं करतो, पण जास्त जोराची लहर आली की न सांगता डायोडही होतो.

यात नवल काही नाही. जगदीशचंद्र बोसांनी गॅलेना नावाच्या शिशाच्या खनिजाचा खडा लहरी पकडायला वापरला, त्याचं अमेरिकेतलं पेटंट १९०४ सालचं आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिक खंदकात दाढीचं ब्लेड, पेन्सिलीचं शिसं आणि एक हेडफोन एवढ्यावर बिनबॅटरीचा रेडिओ ऐकायचे. आमच्या दुकानात शिकाऊ पोराला पहिल्या महिन्यात मी हेच करायला लावायचो, ब्लेडऐवजी जर्मेनियम डायोड देऊन. पोरगं कानाला हेडफोन लावून बसलं की त्याच्या तोंडाकडे बघण्यासारखं असायचं.

आणि एक लक्षात घ्या, जळगावात एफएमही वाजतं. ते कधी भोंग्यात आलं का? नाही येणार. एफएमच्या लहरीची उंची कायम सारखीच, आवाज असतो तो तिच्या वेगाच्या फरकात. नुसती छाटणी करून त्यातून काही हाती लागत नाही.

पुण्यातला_चाळीसगावकर

म्हणजे मोबाईल नाही हे मान्य. पण मग ते टिर्र-टिटिट् काय असतं? तेही उंचीतलंच का?

सोल्डरचा_धूर

बरोबर पकडलंत. जुना टूजी फोन सलग बोलत नाही, आळीपाळीने सेकंदाला २१७ वेळा झटक्याने चालू-बंद होतो. ते २१७ म्हणजे कानाला ऐकू येणारा सूर, तोच स्पीकरमध्ये टिरटिरतो. फोरजीत ती पद्धत नाही, म्हणून हल्ली तो आवाज फारसा कानावर पडत नाही.

चिमणराव_नव्हे

अवांतर : ती सकाळची धून वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. नाझींच्या छळातून सुटून मुंबईला आलेले प्रागचे ज्यू संगीतकार, मुंबई आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळायचे. तिकडून निघालेली धून गिरणाकाठच्या भोंग्यातून, तेही काकड्यानंतर! मला तर हा योग जुळून आल्यासारखा वाटतो. कशाला बंद करताय?

गिरणाकाठ

सोल्डरकाका, तुमची परीक्षा दिली. निकाल असा.

रेडिओसाठी आधी खालच्या आळीतल्या आजींकडे गेलो. त्यांचा दोन बँडचा आहे, पण काटा हलत नाही. मग टपरीवर मिळाला. ९६३ लावला आणि भोंग्याखाली उभा राहिलो. शब्दाला शब्द तोच. टपरीवाला म्हणाला, ‘मग मी सेल कशाला घालतोय?’

माईक तिन्ही काढले, व्हॉल्यूम सगळे शून्य, अगदी मास्टरसुद्धा. आवाज तसाच! कणभर कमी नाही. हे बघून माझ्या अंगावर काटा आला. नळ बंद आणि पाणी चालू.

मशीन बंद केलं की गप्प.

नव्या भोंग्याची वायर सोडवली आणि मशीन पुन्हा चालू केलं: आवाज गेला. गच्चीवरच्या भोंग्याला कान लावला तेव्हा अगदी किंचित खुसफुस, म्हणजे सांगितल्याशिवाय कळणार नाही. वायर जोडली, पुन्हा बातम्या. पाच वेळा केलं, पाचही वेळा हेच.

म्हणजे भोंग्याच्या वायरीतून? पण भोंग्याकडे तर आवाज जातो ना, येतो कसा?

मंडपवाला_भुसावळ

भोंग्याच्या वायरीतून आत शिरतं? बावीस वर्षं धंदा केला, हे आज ऐकतोय.

सोल्डरचा_धूर

वायर किती लांब ओढलीय? आणि कशी? दोन्ही तारा पिळलेल्या आहेत की सुट्या?

गिरणाकाठ

९० मीटरचं बंडल आणलं होतं, दहा-बारा मीटर उरली ती खांबाला गुंडाळी करून टांगलीय. जोडवायर आहे, पिळलेली नाही. मंदिरावरून निंबावर, निंबावरून ग्रामपंचायतीच्या खांबावर. निंबापाशी एक सांधा आहे, कारण बंडलच मधे तुटकं निघालं.

सोल्डरचा_धूर

वाटलंच होतं.

९६३ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी ३११ मीटर. तिचा चौथा हिस्सा ७८ मीटर. ज्याला एरियल बांधायचंय तो मुद्दाम चौथा हिस्सा मोजून तार ओढतो. तुम्ही म्हाताऱ्या माणसांच्या सोयीसाठी ओढली आणि ती तेवढीच भरली. अर्थात तार जमिनीला जवळ आहे, पुढे भोंगा आहे, त्यामुळे माप इतकं काटेकोर लागू होत नाही. ६० मीटर असती तरी थोडंफार झालंच असतं. पण गेल्या वर्षी का नव्हतं, याचं उत्तर हेच: गेल्या वर्षी ही तार नव्हती.

जाणाऱ्या वाटेने आत कसं येतं? चांगल्या मशीनमध्ये शेवटाकडून थोडा आवाज मुद्दाम परत सुरुवातीच्या भागाकडे वळवलेला असतो, आवाज फाटू नये म्हणून. फीडबॅक म्हणतात त्याला, माईक शिट्टी मारतो तो नव्हे, हा चांगला फीडबॅक. भोंग्याच्या तारेवर बसलेली लहर त्या मागच्या दाराने थेट पहिल्या ट्रान्झिस्टरपाशी पोचते. व्हॉल्यूमचं बटण लागतं पुढच्या दाराच्या वाटेत. ते शून्य केलंत काय आणि फुल केलंत काय, मागून येणाऱ्याला काय फरक?

म्हणून मी व्हॉल्यूमची परीक्षा आधी सांगितली. व्हॉल्यूमबरोबर आवाज कमी-जास्त झाला असता तर चोर माईकच्या बाजूचा. मग वेगळा इलाज : साधी पी-३८ पिन आणि एकपदरी वायर काढून कॅनन पिनची बॅलन्स वायर करायची, आणि इनपुटला एक हजार ओहमचा रेझिस्टर आणि २२२ नंबरचा कपॅसिटर. पण ते तुमचं दुखणं नाही.

तुमचा इलाज. १०३ नंबरचे सिरॅमिक डिस्क कपॅसिटर, १ केव्हीचे, घ्या. मशीनच्या मागे भोंग्याच्या दोन्ही टर्मिनलपासून बॉडीला एकेक, पाय शक्य तितके आखूड. हा कपॅसिटर कीर्तनाला, म्हणजे हजार हर्ट्झच्या आवाजाला, सोळा हजार ओहमची भिंत आहे. ९६३ किलोहर्ट्झला मात्र साडेसोळा ओहम, म्हणजे उघडी खिडकी. आवाज भोंग्याकडे जाईल, आकाशवाणी बॉडीत जिरेल. तुमचं मशीन जुनं, आउटपुटला ट्रान्सफॉर्मर असलेलं दिसतंय, म्हणून बेधडक सांगतोय. नव्या बिनट्रान्सफॉर्मरच्या मशीनला असलं काही परस्पर लावू नका, आतल्या आत शिट्टी मारून जळेल.

दुसरं, फेराइट रिंग. इथे चाळीसगावकरांचं क्लिपचं बोलू. क्लिपमधून तार एकदाच जाते. एफएमच्या, मोबाईलच्या लहरींना ती अडवते, पण एक मेगाहर्ट्झच्या खाली तिचा उपयोग म्हणजे म्हशीला मच्छरदाणी. फेरे वाढवले की अडवणूक फेऱ्यांच्या वर्गाने वाढते : दहा फेरे दिले तर शंभरपट. तर कॉम्प्युटरचा मेलेला एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, घ्या. त्यात वीज जिथून आत येते तिथे दोन गुंडाळ्यांची एक रिंग असते, ती काढा. पिवळ्या-पांढऱ्या रंगाची घेऊ नका, ती लोखंडाच्या भुकटीची, कामाची नाही. जुनी गुंडाळी सोडवून भोंग्याच्या दोन्ही तारा एकत्र धरून बारा फेरे द्या. बारीक वायर चालेल. १२० वॅट आणि १०० व्होल्ट म्हणजे सव्वा अँपिअरच वाहतो.

तिसरं, तो निंबावरचा सांधा सोल्डर करा.

अर्थिंगमध्ये मीठ ओतलंत ते विजेच्या सुरक्षेला ठीक, इथे उपयोग नाही. आणि आबांना सांगा, अर्ज करू नका. आकाशवाणी आपल्या जागी, आपल्या लहरीवर बोलतेय. ऐकायला आपण गेलोय.

शेव_भाजी_जहाल

म्हशीला मच्छरदाणी _/\_

भंडाऱ्याचं कुणीच सांगत नाही.

गिरणाकाठ

पाचव्या दिवसाचा अहवाल.

पारायण सुटल्यावर मोटारसायकल काढली, गोलाणी मार्केटात १०३ चे चार मिळाले. दुकानदार म्हणाला, ‘चारच? मग पैसे राहू द्या.’ रिंग आमच्या शाळेच्या भंगारातल्या कॉम्प्युटरमधून निघाली, सरांनी स्वतः स्क्रू खोलून दिली.

कपॅसिटर लावले, मशीन चालू केलं, कान लावला. आवाज पुष्कळ खाली गेला, पण आहे. चार हातांवरून शब्द कळत नव्हते, निवेदक पुरुष आहे की बाई एवढं कळत होतं. मग रिंगवर बारा फेरे. अगदी पुसट झालं.

मग निंबावर चढलो. काळी चिकटपट्टी सोडवली. सांधा या वर्षीचाच, पण ती तार नवी नव्हतीच! बंडलवाल्याने आत जुना तुकडा भरला होता. तांबं काळं पडलेलं, कडेला हिरवी बुरशी आल्यासारखी, आणि दोन तारा एकमेकींना नुसत्या मिठी मारून बसलेल्या. हलवलं की भोंग्यात खरखर. तेवढा हातभर तुकडा कापून टाकला, तार घासून लख्ख केली, सोल्डर मारलं. खाली उतरून ऐकलं तर काही नाही. गच्चीवर जाऊन भोंग्यात डोकं घातलं. काही नाही, नुसती मशीनची सूं.

संध्याकाळी पसायदान निर्विघ्न. काका, माझ्या मते खरा चोर तो सांधाच.

सोल्डरचा_धूर

अभिनंदन. काळ्या पडलेल्या तांब्यात छाटणीचा गुण असतो खरा, पूर्वी तांब्याच्या ऑक्साइडचे रेक्टिफायर मिळायचेच. पण तुमच्या बाबतीत सांधा मुख्य होता असं मला वाटत नाही. मशीन बंद केल्यावर आवाज जात होता, म्हणजे छाटणी मशीनमध्ये होत होती. सांध्याने भर घातली असेल. खात्री करायची तर कपॅसिटर आणि रिंग काढून, नुसत्या सोल्डरवर मशीन चालवून बघा.

गिरणाकाठ

काका, सप्ताह संपेपर्यंत मी त्या मशीनला हातसुद्धा लावणार नाही.

पांझराकाठची

ह्यांना रात्री बांधाने पाठवलं. सागाच्या खांबावरचा इन्सुलेटर फुटला होता, तिथे निळी ठिणगी. बदलला. टेप आता गप गातो. ह्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं की ‘मी शोधून काढलं’.

मंडपवाला_भुसावळ

सोल्डरभाऊ, तुम्ही भुसावळचे आणि आपली ओळख नाही? दुकान कुठे ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझ्याकडे एक मिक्सर आहे, रात्री लाइटिंग लावली की तो भुणभुण करतो.

सोल्डरचा_धूर

त्यात रेडिओ नाही, ५० हर्ट्झचा घोळ आहे. मिक्सर आणि मशीन दोन वेगळ्या बोर्डांवर लावता ना? एकाच बोर्डावर लावून बघा, मग या.

गिरणाकाठ

शेवटची पोस्ट. आज काला झाला. दहीहंडी फुटली, भंडारा झाला. जहालभाऊ, वरणबट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी होती, तुम्ही आला नाहीत.

महाराजांनी काल्याच्या कीर्तनात भोंग्याचा दृष्टांत घेतला. आबा खूश. मी मशीन आवरत होतो, तेवढ्यात खालच्या आळीतल्या आजी काठी टेकत आल्या. मला वाटलं, दुसऱ्या भोंग्यासाठी आशीर्वाद द्यायला आल्या. तर म्हणाल्या, ‘काय रे, परवापासून सकाळच्या बातम्या का बंद केल्या?’

त्यांना वाटलं होतं, दुसरा भोंगा बातम्यांसाठीच लावलाय. रेडिओ बंद पडल्यापासून दोन वर्षांत पहिल्यांदा बातम्या ऐकल्या म्हणे.

सोल्डरचा_धूर

काटा हलत नाही म्हणालात ना? डायलची दोरी तुटली असणार. घेऊन या भुसावळला, पैसे नकोत. दोरी अजून आहे माझ्याकडे, रीळभर.